दोनदा धुतलेले टॉवेल

मायक्रोफायबरच्या टॉवेलला एकदा काही चिकटलं की ते सहज सुटत नाही. आमच्या गाळ्यातल्या किश्श्यांचंही तसंच झालंय. वागळे इस्टेटमध्ये मी आणि माझा पार्टनर समीर गाड्यांचं डिटेलिंग करतो. म्हणजे गाडी धुणं, पॉलिश, कोटिंग वगैरे. लोकांना वाटतं, आमच्या गप्पा गाड्यांच्या असतील. छे! आमची निम्मी भांडणं टॉवेलवरून झालीत, आणि त्यातली बरीचशी समीरच्या आईवरून.

*

आमच्याकडे एक नियम आहे. टॉवेल जमिनीवर पडला की संपला. "पडला!" असं ओरडायचं, कात्री घ्यायची आणि त्याचा कोपरा कापायचा. कोपरा कापलेला टॉवेल टायर पुसायला जातो, बॉडीला पुन्हा लागत नाही. कारण वाळूचा एक कण जरी त्यात अडकला, तरी गाडीभर बारीक ओरखडे उठतात.

एकदा एक कस्टमर हे बघून फार हळहळले. "अहो, नवाकोरा टॉवेल! झटकून घ्या की!"

"घेतो ना," समीर म्हणाला. त्याने टॉवेल झटकला आणि त्यांच्यापुढे हात केला. "तुमचा चष्मा द्या, आधी त्याच्यावर बघू."

त्या गृहस्थांनी चष्मा काढून थेट खिशात घातला!

*

टॉवेल धुवायला डोंबिवलीला जायचे, समीरच्या घरी. समीरचे वडील वारले त्याच वर्षी आम्ही गाळा सुरू केलेला. काकूंच्या, म्हणजे समीरच्या आईच्या, धुण्याचं बिल्डिंगमध्ये नाव होतं, काकांचे पांढरे शर्ट लोक वळून बघायचे. काका गेल्यावर धुवायला फारसं काही उरलं नाही. काकू नुसत्या बसून असायच्या. म्हणून समीरने टॉवेलची पिशवी घरी नेली.

पहिली पिशवी परत आली आणि मी कपाळाला हात लावला. प्रत्येक टॉवेल कडक इस्त्रीचा! मायक्रोफायबर म्हणजे प्लॅस्टिकचाच धागा, इस्त्रीने तो वितळून चपटा बसलेला. वर कपड्यांच्या कंडिशनरचा असा घमघमाट की गाळ्याचा लग्नाचा हॉल झाला. कंडिशनरचा धाग्यावर थर बसतो. मग टॉवेल पाणी टिपत नाही, नुसता फासत सुटतो.

"आत्ताच्या आत्ता काकूंना फोन कर," मी म्हटलं.

समीरने फोन लावला. "आई, एक नंबर झालेत! फक्त इस्त्री नको करूस हां, उगाच तुला त्रास."

मी बघतच राहिलो. फोन ठेवून तो म्हणाला, "मिल्या, बाबा गेल्यापासून तिने इस्त्री हातात धरली नव्हती रे. काल धरली. आता तूच सांग, काय बोलू?"

मी राग गिळला. त्या सगळ्या टॉवेलांचे कोपरे आम्ही गुपचूप कापले.

*

मग काय, काकूंनी धुतलेले टॉवेल गाळ्यात पुन्हा धुवायचे! त्यासाठी एक जुनं मशीन आणलं. गार पाणी, साधं लिक्विड, सावलीत वाळवण. समीरचं पालुपद ठरलेलं, "दिवाळी होऊ दे, मग सांगतो आईला." दिवाळी झाली, संक्रांत झाली, शिमगाही झाला.

एकदा घाईत दुसरी धुलाई राहिली आणि त्याच टॉवेलने आम्ही एका डॉक्टरांच्या गाडीची काच पुसली. संध्याकाळी त्यांचा फोन.

"अहो, समोरच्या लाइटने काचेवर सगळं फिस्कटलं. मला दोन ट्रक दिसले. मी दोघांच्या मधून गाडी काढणार होतो!"

नंतर हा किस्सा मी खूप रंगवून सांगितलाय. पण तेव्हा हसू आलं नव्हतं. मी समीरला म्हटलं, "बस झालं. उद्या तू सांगितलं नाहीस, तर मी सांगतो."

*

दुसऱ्या दिवशी काकूंचाच फोन आला. समीरने स्पीकरवर टाकला. मागे मशीन गरगरत होतं.

"कसला रे आवाज?"

"कंप्रेसर आहे, आई."

इतक्यात मशीनने भसकन पाणी सोडलं.

"बरं," काकू म्हणाल्या. "तुमच्या कंप्रेसरला पाणी बरंच लागतं!"

समीरने फोन ठेवला. मीही मग विषय काढला नाही, धीरच झाला नाही.

*

आता म्हात्रेकाका. कल्याणजवळच्या गावचे जुने जमीनवाले, लेकीच्या लग्नासाठी घेतलेली काळीभोर गाडी. कुठेतरी धुऊन ओरखडलेली गाडी त्यांनी आमच्याकडे आणली आणि तिच्यावर टॉर्च मारली.

"अरं, मी गारी घेतली का पाटी? या रेघा कोनी मारल्या?"

आम्ही राबून सगळ्या रेघा काढल्या. न्यायच्या दिवशी काका टॉर्च घेऊनच आले. "माजी पोर यान बसून जायाची हाय. एक रेघ दिसली तं गारी नेनार नाय!"

शेवटचा हात तेवढा फिरवायचा होता. नेमकी त्याच दिवशी समीर धुतलेल्या टॉवेलांची पिशवी घरीच विसरला होता. बाकीचे मशीनमध्ये, दार लॉक. बाहेर एकच चांगला टॉवेल, समीरच्या हातात. अर्धं बॉनेट झालं आणि दारातून आवाज आला, "अरे, पिशवी विसरलास ना!"

काकू! समीरच्या हातातला टॉवेल खाली गेला. कोणीच ओरडलं नाही.

"पडला," काकूच म्हणाल्या.

मग त्यांची नजर मशीनकडे गेली. काचेमागे त्यांनीच परवा धुतलेले पिवळे टॉवेल फेसात फिरत होते. समीरचा चेहरा उतरला. पिशवीतून एक टॉवेल काढून काकूंनी तो समीरपुढे धरला. "घे."

घ्यावा तर काळ्या बॉनेटवर कंडिशनर फासला जाणार, तोही टॉर्चसमोर. नाही घ्यावा तर आईला तोंडावर सांगितल्यासारखं. मला समीरकडे बघवेना.

समीरने टॉवेल घेतला आणि बॉनेटवरून एका दमात ओढला.

मी पिशवीतला दुसरा उचलून नाकाला लावला. कंडिशनरचा जराही वास नव्हता. धागे मोकळे, उभे.

म्हात्रेकाकांनी बॉनेटवर टॉर्च मारली. वाकून बघितलं, तिरकं बघितलं, बोट फिरवून बघितलं. "आता पाटी कोरी झाली," म्हणाले आणि चावी मागितली.

गाडी बाहेर पडली. समीर आईकडे बघत तसाच उभा होता. काकूंनी खाली पडलेला टॉवेल उचलला, कात्री शोधून कोपरा कापला, टायरच्या बादलीत टाकला आणि म्हणाल्या,

"समीर, आता तो कंप्रेसर बंद कर. पाणी वाया जातंय."