फ्रीजातली दुसरी पिशवी

भुताखेतांवर माझा विश्वास कधी नव्हता. डिचोलीला मिनेराचे, म्हणजे खाणीतल्या खनिजाचे ट्रक चालवले. खाणीच्या रस्त्याला काय काय दिसतं ते सोबतचे ड्रायव्हर सांगायचे, मला धुळीशिवाय काही दिसलं नाही. शाळा चौथीपर्यंत, लिहिण्यात चूक झाली तर सांभाळून घ्या. पण हे घडलं ते आमच्या कोरगावात, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या काठी, भर सकाळी... आणि मी शुद्धीत होतो.

माझी बायको सत्यवती. तिला रक्ताचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, मोठं औषध द्यायच्या आधी हिच्याच स्टेम सेल काढून ठेवू, मग हिलाच परत देऊ. मला कळलं ते असं — रक्ताचं बियाणं हाडांच्या आत असतं. इंजेक्शनं देऊन ते रक्तात उतरवतात आणि मशीन लावतात. एका नळीने रक्त बाहेर, बियाणं वेगळं, बाकीचं रक्त दुसऱ्या नळीने आत. त्या इंजेक्शनांनी तिची कंबर अशी धरायची की उठवून बसवावं लागे. पहिल्या दिवशी बियाणं कमी भरलं, दुसऱ्या दिवशी परत तासन्‌तास मशीनवर. शेवटी दोन पिशव्या झाल्या. एक तिला दिली. दुसरी, दुखणं उलटलंच तर म्हणून गोठवून ठेवली.

कोणी तब्येत विचारायला आलं की ती सांगायची, "माजी एक पिशवी फ्रीजात आसा. ह्यांचां काय आसा? नुसतां पोट."

काही वर्षं बरी गेली. मग दुखणं उलटलं, पण तोवर अंग इतकं खचलेलं की ती पिशवी द्यायचं धाडस डॉक्टरांना झालं नाही. गेली ती.

दहाव्याला पिंड ठेवला. माडावर कावळे होते, एकही खाली उतरेना. मुलगा उमेश हात जोडून म्हणाला, "आये, धाकट्याचां लगीन मी करून देतंय." तरी कावळा नाही. माझ्या थोरल्या भावाची बायको म्हणाली, "सत्यवती, भावोजींच्या जेवणाची काळजी करू नको गे, मी आसंय."

भाऊ पुटपुटला, "तुझ्या हातचां खावचां लागतलां म्हणानच ती जाईना."

भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेव्हा उमेश माझ्या कानाशी आला. "बाबा, ती पिशवी तशीच रवली. आयेचो जीव थंय अडकलो आसतलो. टाकून देऊ काय म्हणून हॉस्पिटलवाले विचारीत होते."

मला पटलं. तिचं काहीतरी जिवंत अजून थंडीत पडलंय, मग बाई सुटणार कशी? पिंडाजवळ जाऊन म्हटलं, "सत्यवती, ती पिशवी टाकूक सांगतंय मी. तू जा आता."

माडावरचे सगळे कावळे उठले आणि व्हाळापलीकडे गेले.

रडू यायचं ते राग आला. "नाय टाकणंय. ठेवतंय. झालां?" मोठ्यानेच बोललो. तोंड मिटलं नाही तोवर एक कावळा पलीकडून सरळ आला, माझ्या पायाशी उतरला, पिंडाला चोच लावली आणि भात घेऊन गेला. मी मागे सरलोसुद्धा नव्हतो. उभ्या माणसाच्या इतक्या जवळ कावळा येत नाही, तुम्हीही जाणता.

उमेश म्हणतो, भुकेला असेल. भटजी म्हणतात, इच्छा पुरी झाली. मला दोन्ही पटत नाही. मेलेल्या बाईला ते बियाणं कशाला? दुसऱ्या कोणाला ते चालत नाही, मी डॉक्टरांना विचारलंय. कधी वाटतं, ती पिशवी तिला नकोच होती, मला हवी होती, आणि तिला ते कळलं... पण मग कावळ्याला कोणी सांगितलं?

परवा हॉस्पिटलातल्या मुलीचा फोन आला. "आजोबा, ठेवून काय करणार? कारण तरी सांगा."

म्हटलं, "बाय, मलाच उमजलेलं नाही ते तुला काय सांगू? मी जिता आहे तोवर ठेव."