मुळेबाईंच्या दुरुस्त्या

मुळेबाई विमान उडवायला बसायच्या त्या बरोबर अकरा वाजता. अकरा म्हणजे अकरा. अंगावर इस्त्रीची सुती साडी, केस चापूनचोपून बसवलेले, चपला दाराबाहेर. घरात बघणारं कुणी नाही, तरी खुर्चीत बसण्याआधी पदर खोचायच्या आणि वहीत तारीख-वार टाकायच्या. दीड वाजता मधली सुट्टी. विमान त्या वेळी समुद्रावर असो नाहीतर हिमालयात, ते आपलं आपण सरळ जाईल अशी कळ दाबून बाई भाकरी खायला उठत. पाचला शाळा सुटे. पाचपर्यंत विमानतळ आला नाही तर स्वतःवरच चिडत. मधेच लाईट गेली, तर दुसऱ्या दिवशी आदल्या विमानतळावरून पुन्हा पहिल्यापासून निघत. मी म्हणायचो, "बाई, जिथं राहिलं तिथून सुरू करता येतं." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "अर्धा धडा ऐकलेल्याला काही येत नसतं, दत्ता."

बाई जाऊन आता दीड वर्ष झालं. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना वाटेल, कुणी हौशी, पैसेवाली म्हातारी असेल. तसं काही नव्हतं. वडवणीच्या आमच्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात घालवली. लग्न केलं नाही. प्रवास म्हणाल तर बीड, अंबाजोगाई आणि शाळेच्या सहलीबरोबर एकदा वेरूळ. सगळं जग त्यांनी भिंतीवरच्या नकाशात छडी टेकवून पाहिलं आणि आम्हालाही तसंच दाखवलं. निवृत्त झाल्या तेव्हा गुडघे गेलेले.

मग त्यांच्या भाच्याला परदेशात नोकरी लागली. जाताना त्यानं पुण्यातला आपला भलामोठा कॉम्प्युटर मावशीकडं आणून टाकला, सोबत विमान चालवायचा दांडा आणि पायाखालची पेडलं. बाजारतळाजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, म्हणून तो जोडून द्यायला बाईंनी मला बोलावलं. मी सांगितलं, "खेळ आहे बाई. उपग्रहावरून काढलेल्या फोटोंवरून बनवलाय. जगात कुठंही विमान न्या, खाली तिथलाच डोंगर दिसणार, तिथलीच नदी."

"तिथलीच? खरी?"

"खरी."

बाईंनी हे मला तीनदा विचारलं. मला वाटलं, आठ दिवसांत कंटाळतील आणि कॉम्प्युटरवर भरतकामाचा रुमाल पडेल. कुठलं काय. पहिला महिनाभर विमान धावपट्टी सोडून गवतात जायचं. बाई न चिडता वहीत लिहायच्या, 'डावा पाय जोरात'. दोन महिन्यांनी त्या अशा उतरवायला लागल्या, की माझी मोटरसायकल मला गचके देणारी वाटायला लागली.

पण बाईंना फिरायचं नव्हतंच. त्यांना तपासायचं होतं. हे मला कळलं ते एका मंगळवारी, दुकानात पीकविम्याची ही गर्दी असताना. फोन वाजला. "दत्ता, मी तुम्हाला सहावीत सहारा वाळवंटात सगळी वाळू असते असं सांगितलं होतं."

"असेल बाई."

"असेल नाही, सांगितलं होतं. चार दिवस त्याच्यावरून चाललेय. वाळू थोडीच आहे, बाकी दगड आणि खडी. आपल्या बालाघाटासारखं उघडंबोडकं. दुरुस्त करून घे." आणि फोन ठेवला. मी काय दुरुस्त करून घेणार, कपाळ? त्या दिवशी वर्गातल्या अकरा जणांना असे फोन गेले. एकजण तर तहसीलमध्ये साहेबांसमोर उभा होता. पुढं ग्रीनलँड चार दिवसांत संपलं आणि आफ्रिकेला पंधरा दिवस लागले, तेव्हा पुन्हा फोन. "नकाशात दोन्ही सारखेच मोठे दिसतात. मला मापं माहीत होती रे, पण तुम्हाला मी कधी नीट सांगितलं नाही." आम्ही पोरं, म्हणजे आता चाळिशीची पोरं, त्यांच्या मागं हसायचो. तरी फोन आला नाही असा महिना गेला की मीच काहीतरी निमित्त काढून त्यांच्याकडं जायचो, हेही खरं.

असाच एकदा गेलो असताना मी गमतीनं म्हणालो, "बाई, सगळं जग दुरुस्त केलंत. आता रुक्मिणीची नदी तेवढी राहिली."

विमान तेव्हा पेरू देशाच्या डोंगरात होतं. बाईंनी ते गुपचूप जवळच्या विमानतळावर उतरवलं आणि पडदा बंद केला. साडेतीनच वाजले होते. मला माझ्या तोंडाचा राग आला.

रुक्मिणी आमच्या वर्गात होती. तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे, सांगली भागात. दिवाळीनंतर तीही त्यांच्याबरोबर जायची आणि परीक्षेच्या तोंडावर परत यायची. सहावीत बाईंनी शिकवलं, आपल्या पठारावरच्या नद्या पूर्वेकडं वाहतात. रुक्मिणी उभी राहिली. "बाई, आमी गेलतो तिथली नदी मावळतीकडं वाहती." वर्ग हसला. मीही हसलो, अगदी बाक वाजवून. बाई म्हणाल्या, "पाठ नसेल तर गप्प बसावं, खोटं बोलू नये." ती म्हणाली, "खोटं न्हाई बाई. पाच म्हयने त्याच पाण्यात भांडी घासली. सांजच्याला ऊन डोळ्यावर यायचं आन् पाणी तिकडंच जायचं." बाईंनी तिला फळ्यापुढं उभं केलं आणि 'मी खोटं बोलणार नाही' असं पंचवीस वेळा लिहायला लावलं. तिनं लिहिलं. पुढच्या दिवाळीला गेली ती शाळेत परत आलीच नाही. आता ती काय एवढ्यासाठी शाळा सोडणार? धाकटी भावंडं होती, कोप्यावर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या पाचटाच्या झोपडीवर, त्यांना सांभाळायला कुणीतरी लागत होतं. पण हे सगळं मी बाईंना सांगायला लागलो तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"नदी कुठली, हे तरी मी तिला विचारलं होतं का रे?"

"नाही बाई."

"नाव विचारायला पाहिजे होतं. बाकी जाऊ दे, नाव तरी."

मग मी रुक्मिणीच्या गावच्या, ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या एका म्हाताऱ्या मुकादमाला गाठलं. त्या वेळी त्यांची टोळी कुठल्या कारखान्याला जायची, कोप्या कुठं पडायच्या, ते विचारून आलो. नदी कृष्णा निघाली. बाई महाबळेश्वरपासून निघाल्या. तिसऱ्या दिवशी सव्वाबाराला फोन आला, "दुकान लाव आणि ये." आवाज असा होता की मी गिऱ्हाइकाला तसाच सोडून निघालो.

विमान नदीच्या वर, अगदी खाली होतं. दोन्ही बाजूला हिरवा ऊस. "मी वरून खाली येतेय, पाण्याबरोबर," बाई म्हणाल्या. "आता होकायंत्राकडं बघ." नदी काठच्या गाळाच्या रानाला वळसा घालत होती. बाई तिच्यावरून दांडा हलवत चालल्या होत्या आणि काटा दक्षिणेवरून सरकत सरकत थेट पश्चिमेवर येऊन थांबला. तिथंच राहिला. कोसभर नदी मावळतीकडं जात होती, मग पुन्हा वळून आपल्या वाटेला लागत होती. त्या कोसभरात काठावर कारखान्याचं धुराडं होतं. बाईंनी दांड्यावरचे हात काढून घेतले. विमान कलत कलत जाऊन उसात पडलं. पडदा काळा झाला, तरी त्या त्याच्याकडंच बघत बसल्या.

"माझं चुकलं नव्हतं दत्ता," त्या म्हणाल्या. "नदी पूर्वेकडंच जाते. पण तिचंही खरं होतं. आणि खोटारडी म्हणाले मी तिला."

मी म्हणालो, फोन लावू. बाई म्हणाल्या, "तिला मी वर्गासमोर बोलले होते. फोनवर कसं चालेल?"

रुक्मिणी केजच्या पलीकडं एका गावात दिलेली होती. दिवाळी होऊन गेलेली, आठ दिवसांत टोळ्या निघणार होत्या. एकदा गेल्या की सहा महिने भेट नाही आणि बाईंची तब्येत तोवर धड राहील याचा भरवसा नव्हता. तेवढ्यात गाठायचं होतं. ते गुडघे घेऊन बाई केजपर्यंत एसटीनं आल्या, पुढं जीपमध्ये दाटीवाटीनं. पिशवीत माझ्या दुकानात छापलेला त्या वळणाचा फोटो. 

रुक्मिणीनं मलाच आधी ओळखलं. "दत्ता व्हय तू? लई जाड झाला की रं." मग मागं बाई दिसल्या आणि तिनं डोक्यावर पदर घेतला. बाई ओट्यावर बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "घरातली सगळी माणसं बोलाव. शेजारचीही." नवरा, सासू, दोघी जावा, पाच-सहा शेजारणी जमल्या. बाईंनी फोटो काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात सांगितलं, की ही सहावीत खरं बोलली होती आणि मी हिला खोटारडी ठरवलं. मी माफी मागायला आलेय.

रुक्मिणीनं फोटो बघितला. तिला त्यात काही नवं वाटलं नाही. "व्हय की, हीच ती. बाई, आमी अजून तिथंच जातो. दरसाली बघते मी, तिकडंच जाती ती." मग हसली. "तुमी एवढ्यासाठी कशाला आल्या? मी कवाच सोडून दिलतं ते."

बाईंचा चेहरा जरा सैल झाला. पण रुक्मिणीचं संपलं नव्हतं. दाराच्या चौकटीला टेकून तिची पोरगी उभी होती, दहा-अकरा वर्षांची. तिच्याकडं हात करून ती अगदी सहज म्हणाली, "हिला मात्र शिकवून ठिवलंय बाई. शाळंत आपलं बघितलेलं सांगायचं न्हाई. पुस्तकात असंल तेवढंच बोलायचं. बोलतीच न्हाई ती. गुणाची हाय."

मी बाईंकडं बघितलं नाही, माझ्यानं बघवलं नाही. जोरात बाक वाजवणाऱ्यांत मी होतो. बाई हळूहळू खाली बसल्या, ओट्यावर नव्हे, उंबऱ्याशी, जमिनीवर, एक हात गुडघ्यावर दाबून. मग मान वर करून पोरीच्या तोंडाकडं बघितलं.

"बाळ, तू तिथं नदीवर काय बघितलंस? पुस्तकातलं नको."

पोरगी आईकडं बघायला लागली. रुक्मिणीचे डोळे भरून आले होते.  मग तिनं मान हलवली.

"बाई," पोरगी खाली बघत म्हणाली, "तिथं दुपारच्याला पाणी उलटं वर चढतं."

माझं तोंड उघडलं होतं. असं कसं होईल, नदीचं पाणी वर कसं चढेल, हे शब्द अगदी जिभेवर आले होते. बाईंनी माझ्याकडं न बघता माझा हात घट्ट धरला आणि पोरीच्या आणखी जवळ सरकल्या.

"कुठून कुठपर्यंत चढतं?" त्यांनी विचारलं. "सावकाश सांग. मला माहीत नाही."