वाळूतल्या मेखा

देवाने माणसाला दोन डोळे दिले ते एकच वस्तू दोनदा तपासून घ्यायला, असा आमच्या भाऊजींचा ठाम समज आहे. अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात त्यांच्याइतका चोखंदळ आणि त्यांच्याइतका हमखास चुकणारा माणूस मी पाहिलेला नाही. देऊळगाव राजाच्या बाजारात पाव किलो वांगी घ्यायची असली तरी पहिली चक्कर नुसती बघायची, दुसरी हात लावायची, आणि तिसरीला वांगेवाली टोपली उचलून घरी निघालेली असायची. मग तळातली उरलीसुरली किडकी वांगी घेऊन हे घरी यायचे. माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या बाईला, बघायला ते तीन वेळा आले. पहिल्यांदा मुलगी पाहिली, दुसऱ्यांदा आमची विहीर पाहिली, तिसऱ्यांदा म्हणे विहिरीचं उन्हाळ्यातलं पाणी पाहायचं राहिलं होतं. वडील वैतागून नकार द्यायच्या बेतात होते, तेवढ्यात बाईच आतून म्हणाली, "इतकं पाहून राह्यले तं सांभाळतीन बी." भाऊजींच्या जन्मातली ही एकच बिनचूक निवड, आणि तीही खरं तर बाईने केलेली.

बीटी कपाशीचं बियाणं आलं तेव्हा त्यांना मोकळं रानच मिळालं. जानेफळच्या दुकानात रंगीबेरंगी पाकिटांच्या थप्प्या, प्रत्येकावर पांढरीशुभ्र बोंडं आणि फेटा बांधून हसणारा एक माणूस. भाऊजी मृगाच्या आधी दिवसचे दिवस तिथे पाकिटं वाचत बसायचे. दुकानदार चाचा इतके कंटाळले की त्यांनी यांच्यासाठी एक स्टूलच वेगळं काढून ठेवलं. एका साली तीन आठवडे वाचून भाऊजींनी एक वाण नक्की केला. एवढ्या चिकित्सक माणसाने घेतलाय म्हणजे बघायलाच नको, म्हणून अर्ध्या गावाने तोच पेरला. त्या साली बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. दुसऱ्यांच्या वाणातही तीच निघाली होती, पण भाऊजींनी ते फार मनाला लावून घेतलं. उभ्या पिकावर नांगर फिरवला त्या दिवशी ते माझ्याशी एकच वाक्य बोलले. "बापू, पाकिटावरचा माणूस हासून राह्यला का समजायचं, आपल्याले रडायचं हाय."

त्यातच बाईचं दुखणं उपटलं. जन्मभर उन्हात कापूस वेचलेली बाई, तिलाच ऊन सोसेना. दारात जरा उभी राहिली की तोंडावर लाल चट्टे, अंगात ताप, सांधे आखडायचे. बुलडाण्याच्या डॉक्टरांनी उन्हाची बंदी केली आणि भाऊजींना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, दुखणं किडनीपर्यंत पोचलंय, त्यांची काही हौस असेल ती आताच करून घ्या. बाईची हौस एकच, समुद्र. तोही भर दिवसा, काठावर बसून. "सारा जनम आभाळाकडं पाणी दे म्हनून पाह्यलं," ती म्हणाली. "एकदा ते सारं पाणी असते तरी कसं, ते पाहू द्या मले." भाऊजी म्हणाले, तिथे सावली पाहिजे. झालं, आणि हा माणूस सावली निवडायला बसला!

समुद्रकाठी उभारायचा चार दांड्यांचा घडीचा तंबू मिळतो, हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. जालना झालं, औरंगाबाद झालं. पहिल्या तंबूच्या खोक्यावर एक कुटुंब हसत होतं, म्हणून तो न उघडताच परत गेला. दुसऱ्याखाली भाऊजी भर दुपारी शेतात उघड्या अंगाने झोपले आणि पाठ भाजली का म्हणून बाईला विचारायला आले. तुमची पाठ मुळातच काळी, मले काय समजनार, असं तिने म्हटल्यावर तोही गेला. तिसऱ्याच्या कापडातून ऊन गळत होतं. चौथा मात्र पसंत पडला, फक्त वाऱ्याची परीक्षा उरली. भाऊजींनी शेतात मेखा ठोकून तंबू ताणला, दोरीला बैल बांधला आणि त्याच्यापासून हातभर लांब सरकीच्या पेंडीची ढेप ठेवली. बैलाने जीव खाऊन ओढलं, पण मेख तसूभर हलली नाही. बघायला जमलेल्या गावाने टाळ्या पिटल्या.

या सगळ्यात दोन दिवाळ्या गेल्या. मी संतापायचो. तिच्यापाशी वेळ नाही, कोणताही घ्या आणि चला, असं हात जोडून सांगायचो. त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "एकदा घाई केली तं काय झालं, पाह्यलं ना?" तीन आठवडे पाकीट वाचणं म्हणजे यांची घाई! मी कपाळाला हात लावायचो. बाई मात्र मलाच दटावायची की पाहू दे त्यायले, तेवढंच बरं वाटते त्यायच्या जिवाले.

अखेर माघात गाडी करून आम्ही कोकणात पोचलो. सकाळचे दहा वाजले होते. बाई तोंडावर पदर ओढून गाडीत थांबली. भाऊजींनी तंबू उभा केला, मेखा ठोकल्या. पिठात बोट घालावं तशी मेख आत जायची आणि तशीच बाहेर यायची. समुद्रावरून वारा सुटलेला, तंबू दोनदा उलटा होऊन पडला. ऊन तपासलं, कापड तपासलं, वारासुद्धा तपासला, पण जमीन तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. जमीन म्हणजे काळीच, आणि ती धरून ठेवतेच, हे आम्ही सगळ्यांनी धरून चाललेलं, मीसुद्धा. भाऊजींचा चेहरा बोंड फोडलं त्या दिवसासारखा झाला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

मग त्यांनी समुद्राकडच्या दोन्ही दोऱ्या कमरेला गुंडाळल्या, पाय वाळूत रोवले आणि मागे रेलून तंबू ताणून धरला. मागच्या दांड्या मी आणि ड्रायव्हरने धरल्या. बाई येऊन चटईवर बसली. चार वाजेपर्यंत भाऊजी तसेच उभे होते, टकलावर ऊन, तोंड आमच्याकडे आणि पाठ समुद्राला. बाई एकदा म्हणाली, "अहो, मागं वळून पाहा ना एकदा."

"तू पाह्य," ते म्हणाले. "म्या वळलो तं सुटंल."

भाऊजी मान खाली घालून तंबूची घडी करत होते, तेव्हा एक कोळी हसून सांगून गेला की वाळूत मेखा नसतात ठोकायच्या, पिशव्यांत वाळू भरून त्या पुरायच्या असतात.

बाई पुढच्या वेचणीपर्यंत राहिली नाही.

परवा गेलो तर भाऊजी ओसरीवर सुईदोरा घेऊन बसले होते. कापूस वेचताना बाई कमरेला बांधायची ते जाड फडकं उसवून त्याच्या चार पिशव्या शिवत होते. सवयीने मी चिडवलं, कापड निवडायला किती दिवस लागले म्हणून. ते म्हणाले, "निवडायचं काय त्याच्यात? हेच होतं." पिशव्या कुणासाठी, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मान वर न करताच त्यांनी विचारलं, "बापू, तू तं समोर तोंड करून उभा होता. कसा होता रे समुद्र?"

मी पुष्कळ आठवून पाहिलं. मोठा होता, एवढंच मला म्हणता आलं.

"तिनं बी हेच सांगतलं होतं," ते म्हणाले आणि चौथ्या पिशवीसाठी सुईत दोरा ओवायला लागले.