कोआ खुलवणारे काका

चौक गावात आमच्या शेजारी एक काका राहतात. काहीही सांगा, ‘बरं रं’ म्हणतात आणि कामाला लागतात. नोकरीसाठी परगावी जाताना मी कोआ लाकडाची माझी नवी गिटार त्यांच्याकडे ठेवली. हे लाकूड वाजवत राहिलं की आवाज खुलतो, असं सहज बोलून गेलो.

‘बरं रं.’

दोन वर्षांनी परतलो, नव्या तारा चढवल्या आणि थक्क झालो. पूर्वीचा चिरका आवाज आता भरदार, उबदार निघत होता.

“काका, कुणी वाजवली?”

“मला कुठं वाजवाय येतंय? म्हशींचं दूध काढलं की हात धुवून रोज तारांवर आंगठा फिरवायचो. तूच बोललास ना?”

मी पुन्हा तार छेडली. म्हैस पान्हावल्यावर हसतात, तसे काका हसले.