ताईचा सूर आणि मामाचं मशीन

दौंडला जयंतीच्या कार्यक्रमात मामानं माझ्या थोरल्या बहिणीचा माइक बंद करायला लावला. गाणं अर्ध्यावर होतं. दुसऱ्या अंतऱ्यात ती वरच्या सुरावर गेली, तसं मामानं साउंडवाल्याकडं बघून हात आडवा फिरवला. लोकांना तिचे ओठ हलताना दिसत होते, पण आवाज येत नव्हता. मग मामानं स्वतःच्या माइकवरून सांगितलं, की ताईंचा गळा आज साथ देत नाही, पुढचं गाणं दुसऱ्या ताई म्हणतील. पुढं बसलेले काहीजण हसले. मी स्टेजच्या कडेला ताईची पिशवी धरून बसले होते. इतकी वर्षं झाली, तरी त्या हसण्याचा माझा राग गेलेला नाही.

मामा म्हणजे आईचा चुलतभाऊ. शिरूरला त्याची गायन पार्टी होती. ताई अंगणवाडीसेविका, आणि पार्टीतली मुख्य गायिका. तिला पेटीची साथ करायचे ते आप्पा आमच्याच वस्तीतले. मुंबईतला कुठलासा स्टुडिओ बंद पडला, तिथून मामानं एक जुना सिंथेसायझर आणि सिक्वेन्सर आणला. सिक्वेन्सरमध्ये सुरांची ओळ आधीच भरून ठेवायची. तो एकेका सुराचं व्होल्टेज वायरमधून सिंथेसायझरला पाठवायचा, आणि सिंथेसायझर त्या व्होल्टेजप्रमाणं आवाज काढायचा. बटण दाबलं की साथ सुरू, वाजवायला माणूस नको. मशीन आलं आणि मामानं आप्पांना घरी बसवलं. एवढी वर्षं साथ केलेल्या माणसाला त्यानं निरोपसुद्धा दुसऱ्याकरवी धाडला.

तालमीतच ताईनं त्याला सांगितलं होतं, की वर गेलं की मशीन उतरतं. तेव्हा मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "मशीन कसं चुकंल? ते काय माणूस हाय का? तूच चढतीस." बाकीच्यांनी माना डोलावल्या. ढोलकीवाल्याला नक्की ऐकू येत होतं, पण तोही ढोलकीच्या दोऱ्या ओढत बसला.

दौंडहून परत येताना टेम्पोत कोणी तिच्याशी बोललं नाही. घरी आल्यावर ती मिठाच्या गुळण्या करायला लागली. चिंच सोडली, ताक सोडलं. शिरूरच्या डॉक्टरांना घसा दाखवून आली. घशाला काही झालेलं नाही असं ते म्हणाले, तर ती जास्तच घाबरली. घसा चांगला आहे म्हणजे कानच गेले, असं तिनं मनाशी धरलं. अंगणवाडीत पोरांना गाणी शिकवायचंही बंद केलं. माझा राग तिथं खरा पेटला. एका माणसानं हात आडवा फिरवला, आणि लहानपणापासून सुरात गाणारी बाई स्वतःच्या कानांना घाबरायला लागली.

मी तेव्हा सणसवाडीला एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात कामाला होते. प्रेशरची, तापमानाची मीटरं तपासायची आणि जुळवायची, हे आमचं काम. शून्यावर बरोबर असलेलं मीटर वर जाता जाता चुकत जातं, हे आम्ही रोजच बघायचो. एकदा असंच एक मीटर हातात असताना मला तालमीतलं ताईचं बोलणं आठवलं. सायबांना विचारून मी कारखान्यातला व्होल्टमीटर सुट्टीच्या दिवसापुरता घरी आणला.

मशीन बुद्धविहाराशेजारच्या खोलीत असायचं. मामानं किल्ली दिली, पण कपाळाला आठ्या घालून. ताई यायला तयार नव्हती. मी जवळजवळ ओढतच नेली. आप्पा आपली पेटी घेऊन आले. मशीन चालू करून आधी चांगलं तापू दिलं, कारण थंड असताना त्याचा सूर हलत राहतो.

सिक्वेन्सरमध्ये दोष नव्हता. सूर एक सप्तक वर गेला की व्होल्टेज बरोबर एक व्होल्टनं वाढत होतं. घोळ सिंथेसायझरमध्ये होता. खालचा सा पेटीशी तंतोतंत जुळायचा. त्याच्या वरचा सा थोडा उतरायचा, आणि त्याच्याही वरचा तर भलताच खाली. एक व्होल्ट मिळाल्यावर त्यानं पुरतं सप्तक चढायला हवं होतं. ते चढत नव्हतं.

मी झाकण उघडलं. आत एका बारीक स्क्रूनं ही चढण कमीजास्त होत होती. तो फिरवला की खालचा सा सरकायचा. तो दुसऱ्या स्क्रूनं जागेवर आणला की पुन्हा वरचं तपासायचं. मीटरला व्होल्ट कळतात, सूर कळत नाही. म्हणून सूर ताईनं ठरवायचा, असं मी सांगितलं. ती आधी भीत भीत बोलत होती, "वाईच उतरलंय वाटतं." आप्पा पेटीवर तोच सूर धरून बसायचे. मी स्क्रू फिरवायचे. दुपारपर्यंत तिचा आवाज बदलला. "अजून न्हाई. अजून. आता ऱ्हाऊ दे."

तिन्ही सा जुळले तेव्हा आप्पांनी डोळे पुसले. ताई मात्र रडली नाही. मामाला बोलव, एवढंच म्हणाली.

मामा आला. ऐकलं. खूश झाला, आणि तिला म्हणाला, की झालं गेलं सोड, उद्यापासून तालमीला ये. माझा तोल गेला. मी म्हणाले, तुम्ही दौंडला माइकवरून तिचा गळा खराब ठरवलात, आता तिथंच माइकवरून सांगा, की चूक मशीनची होती. मामा हसला. लोक कधीच विसरले असतील, कशाला उकरून काढायचं, म्हणाला.

ताई त्याच्याकडं सरळ बघत म्हणाली, "मामा, घसा दुखतोय का, एवढं तरी इचारायचं हुतं. तुम्ही माइक बंद केला."

आप्पांनी पेटी उचलली, आणि आम्ही तिघं निघालो.

ताई पुन्हा त्या पार्टीत गेली नाही. आप्पांच्या पेटीवर ती गात राहिली, बारशाला, लग्नाला, मांडवगणला कोणी बोलावलं तर तिथं. पोरांची गाणीही परत सुरू झाली. दौंडच्या स्टेजवर मात्र तिला कोणी बोलावलं नाही. तिथं मामाची पार्टीच जायची, आणि आम्ही जुळवलेलं मशीन दुसऱ्या बाईला सुरात साथ द्यायचं. ते ऐकलं की माझ्या अंगाची आग व्हायची.

पुढं एका लग्नात मामा पाहुण्यांना कौतुकानं सांगत होता, "आमच्या भाचीनं मशीन दुरुस्त केलं, कारखान्यात हाय ती." मी तिथंच मोठ्यानं म्हणाले, "सूर ताईनं लावलाय. तिचा माइक तुम्ही का बंद केला हुता, ते बी सांगा की." मामा पाहुण्यांना जेवायला चला म्हणाला आणि त्यांना घेऊन पंगतीकडं गेला. मी त्या लग्नात जेवले नाही.