दादाच्या गाडीखालची लिंबं

गेल्या शनिवारी मी लीड्समध्ये, थोरल्या भावाच्या गॅरेजात, गाडीखाली उताणा पडलो होतो... कार्डिफहून एवढा ड्राइव्ह करून गेलो तो याचसाठी. माझ्या वयाची माणसं योगासनांसाठी आडवी होतात, मी ऑइलच्या थेंबांसाठी.

दादा रिटायर्ड अनॅस्थेटिस्ट. आयुष्य इथल्या लोकांना भूल देण्यात गेलं, आणि उरलेला वेळ या गाडीत. सत्तरच्या दशकातली अमेरिकन मसल कार, लालभडक, स्टिअरिंग डावीकडे... आमची आई तिला 'ओरडणारी गाडी' म्हणायची.

तिचं दुखणं असं, की ओल्या रस्त्यावर जोर दिला की मागचं एकच चाक गरगर फिरायचं आणि दुसरं ढिम्म. दोष लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलचा. वळणावर दोन्ही चाकांना आपापल्या गतीने जाऊ द्यायचं, पण एक घसरलं तर दुसऱ्याला हात झटकू द्यायचे नाहीत, हे त्याचं काम. आत क्लच प्लेट्सची चवड असते. ती झिजली, की ज्याचं तो बघतो.

शाळा-कॉलेजात संस्कृत आणि पोटासाठी गिअरबॉक्स, असं माझं आयुष्य. त्यामुळे मी चहा पिता पिता त्या यंत्राचं 'मर्यादितस्खलन' असं भाषांतर केलं. वहिनी कपात बघत म्हणाल्या, "भावजी, हे नक्की गाडीलाच झालंय ना?"

आई गेल्यापासून दादाचं आणि माझं बोलणं आटलं होतं. भांडण वगैरे काही नाही... फोन वाढदिवसापुरते. पण त्या प्रत्येक फोनच्या शेवटी त्याचं एक पालुपद ठरलेलं, "गाडी धड झाली की आपण दोघंच स्कॉटलंडला जाऊ."

आणि मध्येच एकदा, कुणाचाही वाढदिवस नसताना, त्याचा फोन आला. "डिफ उघडायचाय. माझे हात थरथरतात आता. येतोस?" मी त्याच क्षणी मनातल्या मनात थर्मास भरला.

शुक्रवारी पोचल्या पोचल्या नव्या प्लेट्स तेलात भिजत घातल्या. कोरड्या बसवल्या तर वळणावर गाडी कटकट करते. भांडं सापडेना, तेव्हा दादाने वहिनींची लोणच्याची बरणी पळवली. म्हणाला, "मुरतच ठेवायचंय ना?" ती बरणी आता कायमची गॅरेजात राहणार... वास असा, की कैरीनेही नाक मुरडावं.

शनिवारी सकाळी मी खाली, दादा शेजारी टॉर्च धरून. "सिस्टर, स्पॅनर," मी म्हणायचो आणि तो थिएटरमधल्यासारखा बरोब्बर तळहातावर ठेवायचा. टॉर्चचा उजेड सारखा हलत होता. मी बोटांनी चाचपतच पुढचा बोल्ट शोधला.

"मे महिन्यात जाऊ या का रे? तेव्हा तिकडे पाऊस जरा बरा असतो," मी खालूनच विचारलं.

"आधी ती स्प्रिंग बसव," तो म्हणाला.

जेवणापर्यंत सगळं जुळलं. नवं तेल भरलं, गाडी जॅकवरून उतरवून ड्राइव्हवेवर आणली. तेवढ्यात वहिनी ताट घेऊन बाहेर आल्या... कुंकू, नारळ, लिंबं. मला हसू आलं. लिंबं नव्या गाडीच्या चाकाखाली ठेवतात, ही तर आमच्या बरोबरीची.

देवधर्म न मानणारा दादा मात्र वाकून लिंबं ठेवायला लागला. मागचं एक चाक काँक्रीटवर, दुसरं लॉनच्या शेवाळावर. "दोन्ही फुटली तर पेशंट बरा," म्हणाला. मी हात पुसले आणि ऐटीत स्टिअरिंगवर जाऊन बसलो. काम मी केलं होतं, पहिली चक्कर माझी.

"अय्या, तुम्ही नको भावजी," वहिनी म्हणाल्या. "लिंबांवरून पहिल्यांदा मालकानेच न्यायची असते."

"बस बाबा, तूच बस," म्हणत मी उतरलो. पण दादा जागचा हलला नाही. त्याने समोरच्या घराकडे बघून हात केला. तिथून गॅरेथ नावाचे शेजारी आले, इस्त्रीचा शर्ट घालून. वहिनींनी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि ते माझ्याशी हात मिळवून "फँटॅस्टिक जॉब" म्हणाले...

वहिनींनी माझा चेहरा पाहिला. "अहो, गाडी विकल्याचं तुम्ही यांना सांगितलंच नाहीत?"

"एकच चाक फिरतंय तोवर नेणार नाही म्हणाला तो," दादा मराठीत पुटपुटला, गाडीकडे बघत. "आणि मला आता चालवता येत नाही रे."

"मग मला सांगायचंस की."

"सांगितलं असतं, तर मनापासून केलं असतंस?"

इंजिन ओरडलं. दोन्ही लिंबं एकदम फुटली. गॅरेथ आतून आनंदाने हॉर्न वाजवत वळणावर गेले, आणि गाडी जराही कटकट न करता वळली. आयुष्यभर भूल देणारा माणूस... सुई कधी टोचली ते मला कळलंसुद्धा नाही.

मी लिंबांच्या साली गोळा केल्या, वहिनींनी बांधून दिलेला डबा घेतला आणि निघालो. दादा गेटपर्यंत आला. स्कॉटलंडचं नाव त्याने काढलं नाही, मीही नाही.

काल वहिनींनी फॅमिली ग्रुपवर गॅरेथचा व्हिडिओ टाकला. कुठल्याशा शेतातल्या चिखलातून ती गाडी बाहेर येतेय, दोन्ही चाकं सारखी जोर लावतायत. दादाने खाली अंगठा दिला होता. मीही दिला.

दादा, कुणीतरी हे तुला वाचून दाखवेलच. तुझे हात थरथरतात हे फोनवर ऐकलं, तेव्हाच मी कपडे भरायला घेतले होते. सांगितलं असतंस, तरी मनापासूनच केलं असतं.