ड्रमशिवायचं गाणं

पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या मशीनवर मावशीची उमेदीची वर्षं गेली आणि कानांची पार वाट लागली. माणसांचं बोलणं तिला अर्धंमुर्धंच कळायचं. पण कॉलेजपासून जिवापाड आवडणाऱ्या रॉक बँडचे ड्रम अजून ऐकू यायचे. त्या ठेक्यावर ती बाकीचं गाणं मनातल्या मनात जुळवून घ्यायची.

त्या बँडचा ड्रमर वारला. वर्षभराने त्यांचं नवं गाणं आलं, तेव्हा तिने स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवून कान लावला आणि तिचा चेहराच उतरला.

"संपलं," ती नवऱ्याला म्हणाली. "आता ठेकासुद्धा ऐकू येत नाही मला."

नवऱ्याला त्या बँडचा कायमचा वैताग. तरी तो जवळ बसला, गाणं पुन्हा लावलं आणि तिच्या कानाशी ओरडून म्हणाला, "अगं, ड्रम नाहीतच यात. नुसती गिटार आहे आणि त्यांचा गायक गातोय. रडतोय बहुतेक."

तिने स्पीकरला लावलेला कान काढला.

"बरं केलं त्यांनी," ती म्हणाली. "त्याच्या जागी दुसरा ड्रमर बसवला असता, तर माझ्याच्याने ऐकवलं नसतं. शब्द काय आहेत?"

तो एकेक ओळ थांबवून सांगू लागला. शेवटच्या कडव्यात त्याचाच आवाज फुटेना. तिने घाई केली नाही. मग गाणं पहिल्यापासून लावून, स्पीकरवर तळहात ठेवून, हाताला लागणाऱ्या बारीक थरथरीवर तिने ते गाणं पुरतं ऐकलं. त्यांच्या सगळ्या गाण्यांत तिला तेच उजवं वाटलं.